परदेशी भाषांतले रेडिओ: सरकारांनी पैसे नेमके कशावर घालावेत?

एकतीस_मीटर:
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, शेवटी आज टायपायला बसलो. लांबेल, आधीच सांगतो.

१५ मार्च २०२५ ला व्हॉइस ऑफ अमेरिका, म्हणजे अमेरिकी सरकारच्या पैशावर परदेशांसाठी चालणारं स्टेशन, गप्प झालं. ट्रान्समीटर जळला, वीज गेली असलं काही नाही. आदल्या दिवशी ट्रंपनी एका आदेशावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी तेराशेच्या वर माणसं पगारी रजेवर घरी. ४९ भाषा एका फटक्यात. १९४२ च्या फेब्रुवारीत जर्मन भाषेतून सुरू झालेलं हे स्टेशन, बातमी चांगली असो की वाईट, आम्ही खरं तेच सांगू असं पहिल्याच प्रसारणात म्हणणारं, आणि ८३ वर्षांनी कुठे कुठे नुसतं संगीत वाजत बसलं होतं. बरं, तीन महिने जातात न जातात तोच जूनमध्ये इस्राएलने इराणवर हल्ला केला, आणि मग फारसी विभागातल्या त्याच रजेवरच्या लोकांना घाईघाईने परत बोलावलं!

दुसरं उदाहरण बीबीसीचं. अरबी रेडिओ २७ जानेवारी २०२३ ला बंद केला, ८५ वर्षांचा होता. एप्रिलच्या मध्यावर सुदानमध्ये युद्ध पेटलं, इंटरनेट ये-जा करायला लागलं, आणि मे महिन्यात त्याच बीबीसीने सुदानसाठी शॉर्टवेव्हवर (हजारो किलोमीटर लांब पोचणाऱ्या रेडिओ लहरींवर) तात्पुरती अरबी सेवा चालू केली. रोज अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन सभा. नोव्हेंबरमध्ये गाझासाठी परत तेच, मीडियम वेव्हवर. तहान लागल्यावर विहीर खणतात हे ऐकलं होतं, इथे तर असलेली विहीर बुजवून मग तहान लागल्यावर शेजारी खड्डा.

माझा मुद्दा एवढाच की सरकारं भाषा निवडतात त्या आजच्या पेपरातल्या मथळ्यांवरून, आणि ऐकणाऱ्याचा भरवसा तयार व्हायला लागतात वीस-तीस वर्षं. या दोन घड्याळांचा मेळच बसत नाही. पैसे कमी की जास्त हा माझ्या लेखी नंतरचा प्रश्न. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस:
धागा चांगला आहे पण जरा भाबडा वाटला. शॉर्टवेव्ह आता ऐकतं कोण हो? २५० नाहीतर ५०० किलोवॅटचा ट्रान्समीटर, आणि ५०० किलोवॅट हवेत सोडायचे तर मागून त्याहून बरीच जास्त वीज खेचावी लागते, अँटेनांसाठी मोकळं रान अडवून ठेवायचं ते वेगळंच, आणि एवढं करून ज्या देशाकडे तोंड करून बोलताय तिथला तरुण मोबाइलवर व्हिडिओ बघतोय. कुठल्याही अर्थखात्यात बसलेला माणूस पहिली कात्री इथेच लावणार, मी असतो तर मीही लावली असती. ऐकणारा परदेशात, त्याला मत नाही. पैसे देणारा करदाता घरात, त्याला ती भाषा कळत नाही. अशा खर्चाला वाली कोण?

आणि भरवसा वगैरे ठीक आहे, शेवटी ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांसाठीचं रेडिओ फ्री युरोप १९५० मध्ये सुरू झालं ते अमेरिकेच्या सीआयएच्या पैशावर, १९६७ च्या सुमारास भांडं फुटलं तरी १९७१ पर्यंत तो पैसा चालूच होता. १९५६ मध्ये हंगेरीत लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्या रेडिओच्या सुरावरून कित्येकांना वाटलं की पश्चिमेकडून मदत येणार. आले फक्त रशियन रणगाडे. याला भरवसा म्हणायचं का?

सायली_का:
अडाणी प्रश्न विचारते, हसू नका. हे पैसे नक्की येतात कुठून? म्हणजे बीबीसीला तर तिथले लोक लायसन फी भरतात ना, मग सरकारचा संबंध कसा?

एकतीस_मीटर:
@सायली_का, अजिबात अडाणी नाही, सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

बीबीसीच्या परदेशी सेवेचा, म्हणजे वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च कित्येक वर्षं ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या अनुदानातून चालायचा. कुठल्या भाषा ठेवायच्या, कुठल्या काढायच्या याला खात्याची संमती लागायची, बातमीत काय असेल ते मात्र बीबीसी ठरवणार, अशी वाटणी. २०१० मध्ये सरकारने काटकसर म्हणून हा बोजा बीबीसीच्या गळ्यात टाकायचं ठरवलं आणि एप्रिल २०१४ पासून तो लायसन फीवर आला. म्हणजे घरबसल्या टीव्ही बघणाऱ्या ब्रिटिश आजीबाई सोमाली आणि पश्तू बातम्यांचा खर्च भरायला लागल्या. ते झेपेना. मग २०१५ मध्ये सरकारने परत पैसे दिले, वर्षाला साडेआठ कोटी पौंडांपर्यंत, आणि गंमत म्हणजे ही घोषणा झाली संरक्षण आणि सुरक्षेच्या आढाव्यात. रेडिओचा पैसा रणगाड्यांच्या यादीत! त्याच पैशातून २०१७-१८ मध्ये १२ नव्या भाषा सुरू झाल्या, त्यातली एक आपली मराठी, २ ऑक्टोबर २०१७. अर्थात ती रेडिओवर नाही, इंटरनेटवर. खरं तर मराठीची ही दुसरी खेप, आधी १९४२ ते १९५८ बीबीसीवर मराठी रेडिओ होता. महायुद्ध चालू होतं तेव्हा मराठी ऐकणारे महत्त्वाचे होते, ५८ मध्ये नव्हते, ५९ वर्षांनी परत झाले. एका भाषेचा आलेख बघितला तरी साहेबाच्या मनात काय चाललंय ते कळतं.

जर्मनीचं वेगळं आहे. डॉइच वेले सरळ केंद्र सरकारच्या करातून चालतं, साधारण ४० कोटी युरो, तीसच्या वर भाषा. देशातल्या बाकी चॅनलांची फी वेगळी, ती याला लागत नाही. अमेरिकेत काँग्रेस दरवर्षी मंजूर करते. चीनचा कारभार पूर्ण सरकारी, साठाच्या वर भाषा.

पाणकावळा:
हिशेबनीस, तुमच्या कात्रीचे नमुने देतो, मग बोला. हॉलंडने २०११ मध्ये रेडिओ नेदरलँड्सचे पैसे ४.६ कोटी युरोवरून १.४ कोटींवर आणले. कॅनडाने २०१२ मध्ये रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलचं बजेट १.२३ कोटी डॉलरवरून २३ लाखांवर. दोन्हींचा शॉर्टवेव्हचा गाशा २०१२ च्या जूनमध्ये गुंडाळला. स्वित्झर्लंड तर २००४ मध्येच गेलं.

पण मला जास्त टोचतो तो ऑस्ट्रेलियाचा किस्सा. ३१ जानेवारी २०१७ ला रेडिओ ऑस्ट्रेलियाचा शॉर्टवेव्ह बंद, वाचणार किती, तर १९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. एका देशाच्या मानाने चिल्लर. आता पॅसिफिक म्हणजे काय, समुद्रात शिंपडलेली बेटं. चक्रीवादळ आलं की सगळ्यात आधी मोबाइलचे टॉवर आडवे होतात. वानुआतूत २०१५ मध्ये पाम वादळ आलं होतं ते आठवा. हजारो किलोमीटर लांबच्या ट्रान्समीटरला त्या वादळाचं काहीच वाटत नाही, बेटावर बॅटरीवरचा एक रेडिओ असला की काम झालं. हे तिथले लोक सांगत होते, वानुआतूच्या पंतप्रधानांनीही नाराजी कळवली, ऐकलं कुणी नाही. आणि २०१८ मध्ये उघड झालं की सोडून दिलेल्या त्या फ्रिक्वेन्सींपैकी काहींवर आता चायना रेडिओ इंटरनॅशनल येतंय. चोरी नाही बरं का, फ्रिक्वेन्सी कुणाच्या बापाची नसते, मोकळी झाली, दुसऱ्याने घेतली. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं, फक्त यांनी रुमाल स्वतःच उचलला.

लेबनॉनमध्ये पण सेम. बीबीसी अरबीची सोडलेली एफएम जागा रशियाच्या स्पुतनिक या सरकारी रेडिओने उचलली, हे बीबीसीचे तेव्हाचे प्रमुख टिम डेव्ही २०२४ मध्ये जाहीर बोलले.

हिशेबनीस:
ऑस्ट्रेलियाचा मुद्दा मान्य. पण तो वादळात उपयोगी पडणारा रेडिओ झाला, परदेश धोरणाचा नाही. सरसकट "बंद करू नका" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, क्यूबासाठीच्या टीव्ही मार्तीचं काय? १९९० पासून अमेरिकेने ते चालवलं. आधी दोराने बांधलेल्या फुग्यावरून प्रक्षेपण, मग विमानातून. क्यूबा पहिल्या दिवसापासून जॅम करत होतं (त्याच लहरींवर मुद्दाम अडथळा सोडत होतं), चित्र जवळजवळ कुणाला दिसलंच नाही. तरी वर्षानुवर्षं पैसे मिळत राहिले. का? फ्लोरिडात क्यूबातून आलेल्यांची मतं आहेत म्हणून. म्हणजे ऐकणाऱ्याला मत नसतं असं मी म्हणालो ते दुरुस्त करतो, ऐकणाऱ्याच्या नातेवाइकांना असतं 😀

एकतीस_मीटर:
😀 हे मात्र बाडीस, म्हणजे एकदम सहमत. मार्तीवर मी वकिली करणार नाही. पण बघा, तुम्ही स्वतःच माझा मुद्दा मांडलात, प्राधान्य ठरतं ते देणाऱ्याच्या घरच्या गरजेवरून.

हंगेरीवर थोडं लिहितो कारण तुम्ही ५६ काढलंत. चूक मोठी होती, अजून इतिहासकार तिच्यावर भांडतायत. पण पुढचं ऐका. रेडिओ फ्री युरोपने हंगेरियन सेवा १९९३ मध्ये बंद केली, लोकशाही आली, काम झालं, टाळ्या. २०२० मध्ये तीच सेवा पुन्हा सुरू करावी लागली, कारण तिथली बरीच वृत्तपत्रं नि चॅनल सरकारच्या मर्जीतल्या लोकांकडे गेली होती. रुमानियन आणि बल्गेरियनचं पण असंच, बंद आणि मग काही वर्षांनी परत चालू. मधल्या काळात जुने निवेदक निवृत्त झाले, ऐकणारे पांगले, सगळं पहिल्यापासून. परत उभं करायचा हा खर्च बंद करतानाच्या हिशेबात कुणी धरतच नाही, आणि तुमच्यासारख्या हिशेबनीसानेच तो धरायला पाहिजे.

भाषांतरवाला:
इतके दिवस वाचनमात्र होतो, यावर मात्र लिहावंसं वाटलं. मी काही वर्षं एका परदेशी सरकारी रेडिओच्या भाषा विभागात काम केलंय, नाव नको. सात माणसांचा विभाग. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मोठी यंत्रणा वगैरे, प्रत्यक्षात तीन टेबलं, एक स्टुडिओ तोही दुसऱ्या विभागाबरोबर वाटून घेतलेला, आणि त्यांची सभा दोन मिनिटं लांबली की आमच्या पोटात गोळा.

वरून मूळ मजकूर यायचा, तो आपल्या भाषेत आणायचा. ऐकायला सोपं वाटतं पण तिथल्या अर्थसंकल्पावरची बातमी आपल्याकडच्या माणसाला कळेल अशी सांगायची म्हणजे अर्धी नव्यानेच लिहायची. सुरुवातीला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्या पहिल्या बातमीपत्रावर लाल पेनने एवढंच लिहिलं होतं, "हे वाचून दाखव, मग परत लिही." हे शिकायला दोन-तीन वर्षं जातात. आणि पत्रं यायची हो, गठ्ठ्याने. कुणी रिसेप्शन रिपोर्ट (कार्यक्रम कसा ऐकू आला त्याची नोंद) पाठवायचं, कुणी नुसतंच "तुमच्या मंगळवारच्या निवेदिका आजारी आहेत का, आवाज बसलेला वाटला" म्हणून.

मग एक दिवस मीटिंग. वरचे साहेब म्हणाले तुमच्या भाषेच्या प्रदेशात आता आम्हाला तेवढा रस राहिला नाही. भाषेत रस नाही, प्रदेशात! कारण विचारलं तर एक रंगीत नकाशा दाखवला, त्यात आम्ही राखाडी. शेवटच्या दिवशी आम्हाला सांगितलं होतं की निरोपाचं भाषण नको, ठरलेल्या बातम्या द्यायच्या आणि संपवायचं. आमच्यातल्या बाईंनी बातम्या संपवल्या, फ्रिक्वेन्सी सांगितल्या, रोजच्यासारखं "उद्या याच वेळी" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबल्या. चार-पाच सेकंद काहीच नाही. रेडिओवर पाच सेकंद फार असतात. मग फक्त "नमस्कार" म्हणाल्या. पत्रं त्यानंतर तीन-चार महिने येत होती, उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

सायली_का:
@भाषांतरवाला, काटा आला अंगावर. त्या थांबल्या ते इतकं डोळ्यासमोर आलं.

हिशेबनीस:
वाईट वाटलं वाचून, मनापासून. तरीही (माझा स्वभाव!) विचारतो, "रस राहिला नाही" हे कारण वाईट असलं तरी निदान खरं होतं. पैसे देणाऱ्याला प्राधान्य ठरवायचा हक्क आहेच ना? सगळ्या भाषा कायमच्या चालवणं कुणालाच शक्य नाही.

एकतीस_मीटर:
हक्क आहे. पण हक्क कुठपर्यंत हा प्रश्न आहे. जपानचं बघा. २००६ मध्ये तिथले दळणवळण मंत्री सुगा, तेच पुढे पंतप्रधान झालेले, यांनी एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेला आदेशच दिला की परदेशी रेडिओ सेवेत उत्तर कोरियाने पळवून नेलेल्या जपानी नागरिकांच्या विषयावर भर द्या. विषय जिव्हाळ्याचा होता, दुमत नाही. तरी गदारोळ झाला, कारण भाषा कुठली ते सरकारने सांगणं वेगळं आणि बातमी कुठली ते सांगणं वेगळं. पुढे कायदा बदलून "आदेश" जाऊन "विनंती" आली. आता सरकारने केलेली विनंती कितपत विनंती असते ते ज्याचं त्याने ठरवावं.

याच्या उलट नमुना आहे बीबीसीच्या अरबीचा पहिला दिवस, ३ जानेवारी १९३८. मुळात ही सेवा सुरू झाली ती इटलीच्या बारी रेडिओवरून अरबीत ब्रिटिशांविरुद्ध प्रचार चालायचा त्याला उत्तर म्हणून. म्हणजे पैसे प्रचारासाठीच दिले होते. आणि पहिल्याच बातमीपत्रात काय, तर पॅलेस्टाईनमध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाच्या हुकुमावरून एका अरबाला फाशी दिल्याची बातमी! परराष्ट्र खात्याचा तिळपापड झाला, असली बातमी कशाला द्यायची म्हणून. पण माझ्या मते ती सेवा ८५ वर्षं टिकली ती असल्या बातम्यांमुळेच. गोड गोड बोलायला बारी होतंच की.

पाणकावळा:
आकाशवाणीची परदेशी सेवा पण अशीच जन्मली, १ ऑक्टोबर १९३९, पश्तूतून, अफगाणिस्तानाकडच्या जर्मन प्रचाराला उत्तर म्हणून. म्हणजे बहुतेक सगळ्यांच्या पत्रिकेत युद्धच आहे. शांततेत यांना पैसे द्यायचे कशाला हा प्रश्न मग दर वीस वर्षांनी येणारच.

आणि एक राहिलं. "सगळं इंटरनेटवर न्या" म्हणणाऱ्यांसाठी. इंटरनेटचं बटण ज्याच्या देशात आहे त्याच्या हातात असतं. मार्च २०२२ मध्ये रशियाने बीबीसीची वेबसाइट अडवली, त्याच सुमारास बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागासाठी रोज चार तास शॉर्टवेव्ह पुन्हा चालू केलं, १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झ. एफएमचं तर त्याहून सोपं. माली, बुर्किना फासो, नायजर, तिन्ही ठिकाणी लष्करी राजवटींनी २०२२-२३ मध्ये फ्रान्सच्या आरएफआयचं एफएम कापलं. शॉर्टवेव्ह कापता येत नाही, जॅम करावं लागतं, आणि जॅम करायला त्यांनाही वीज जाळावी लागते!

एकतीस_मीटर:
जॅमिंग ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल तो आवाज. लाकडाच्या वखारीत करवत चालू आहे आणि तिच्या पलीकडे कुणीतरी बातम्या वाचतंय. आम्ही काटा एक केस इकडे, एक केस तिकडे करत राहायचो, एका बाजूला करवत जरा कमी असायची. सोव्हिएतांनी बीबीसीच्या रशियन सेवेचं जॅमिंग १९८७ च्या जानेवारीत थांबवलं. आणि चारच वर्षांनी, ऑगस्ट १९९१ मध्ये, त्यांचे नेते गोर्बाचेव्ह स्वतः क्रिमियात नजरकैदेत होते तेव्हा मॉस्कोत काय चाललंय ते रेडिओवर बीबीसी ऐकून कळलं असं त्यांनीच नंतर सांगितलं.

हिशेबनीस:
बरं, समजा मी अर्थखात्यात आहे आणि तुम्ही तिघं समोर बसलायत. पैसे तेवढेच आहेत. काय ठेवू, काय काढू? नुसतं सगळं ठेवा म्हणालात तर पुढची फाइल उघडतो.

भाषांतरवाला:
मी सांगू? इंग्रजी काढा. निदान कमी करा. इंग्रजी कळणाऱ्याला जगात बातम्यांची वानवा नाही. ज्या भाषेत दुसरं कुणीच मोकळेपणी बातमी देत नाही ती आधी. चीनमधल्या उइगुर लोकांच्या भाषेत बातम्या देणारी रेडिओ फ्री आशियाची (हाही अमेरिकेच्या पैशावरचा) लहान टीम होती, चीनबाहेरून त्या भाषेत रोज स्वतंत्र बातम्या देणारं दुसरं जवळजवळ कुणी नव्हतं. २०२५ मध्ये तेही बंद झालं. ४९ भाषांतल्या ३० कमी करा हवं तर, पण अशी एक जाऊ देऊ नका. आणि काढायचीच असेल तर दोन माणसं तरी ठेवा, आठवड्याला अर्धा तास. शब्दांची सवय जात नाही, पत्रांना उत्तर जातं, उद्या गरज पडली तर वाढवता येतं.

पाणकावळा:
सहमत, फक्त ट्रान्समीटर भंगारात काढू नका एवढं माझं. एकदा जमीन विकली आणि मनोरे पाडले की परत उभे राहत नाहीत. भाड्याने द्या, आपसात वाटून घ्या, बंद ठेवून तेलपाणी करा.

हिशेबनीस:
दोन माणसं आणि अर्धा तास हे मला पटण्यासारखं आहे, विम्याच्या हप्त्यासारखं. पण प्रत्यक्षात होतं उलटं. लहान विभाग आधी जातो कारण त्याच्यासाठी ओरडणारं कुणी नसतं. २०२२ मध्ये बीबीसीने एकदम १० भाषांचे रेडिओ आणि ३८२ नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं, त्यात अरबी, फारसी, हिंदी, बंगालीसारखे मोठे होते म्हणून निदान चर्चा झाली. त्यातलं किरगिझ कुणाला आठवतंय?

नंतर २०२५-२६ साठी सरकारने अनुदान १३.७ कोटी पौंडांवर नेलं, ३.२६ कोटींची वाढ, तरी २०२५ च्या जानेवारीत आणखी १३० नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालंच. म्हणजे पैसे वाढूनही कात्री थांबत नाही.

सायली_का:
युरोपियन युनियनने रेडिओ फ्री युरोपला मे २०२५ मध्ये ५५ लाख युरो दिले असं वाचलं. म्हणजे एका सरकारने सोडलं तर दुसरं धरू शकतं ना?

एकतीस_मीटर:
धरलं, पण ते मलमपट्टीइतकंच, पूर्ण खर्च त्यात निघत नाही. तरी कल्पना म्हणून मला आवडली, चार-पाच देशांनी मिळून पैसे घातले तर एकाच्या सहीने सगळं बंद पडणार नाही. अडचण एवढीच की पाच मालक म्हणजे पाच नकाशे, आणि प्रत्येकाचा राखाडी भाग वेगळा.

हिशेबनीस:
विषय सोडून. तुम्हा लोकांमुळे काल माळ्यावरचा जुना सेट काढला. सेल घातले, चालतोय! पण शॉर्टवेव्हच्या ३१ मीटर पट्ट्यावर नुसती खरखर, मध्येच एक बाई चिनीसारख्या भाषेत बोलत होती आणि मागे काहीतरी गूं गूं.

एकतीस_मीटर:
गूं गूं म्हणजे तुमच्या घरातलाच एखादा चार्जर किंवा एलईडी दिवा. सगळे बंद करा, सेट खिडकीशी न्या आणि पाच-सात मीटर साधी वायर बाहेर सोडा. स्टेशन कुठलं ते शोधायचं असेल तर तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठोक्याच्या जरा आधीपासून कान लावून बसा, ओळख तेव्हाच सांगतात. आणि वेळ, फ्रिक्वेन्सी लिहून ठेवा, रिपोर्ट कसा पाठवायचा ते मी व्यनि करतो.

हिशेबनीस:
दिवे बंद केले. घरचे विचारतायत काय चाललंय. आठला सात कमी आहेत, थांबा.